अनुभव धागा: एवढं डोकं असून पोलिसात?

माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. आठ महिने झाले, पहाटे साडेचारला उठून पळतोय. शिपाई भरती करायचीच म्हणतो. बहीण म्हणते, "एवढं डोकं दिलंय देवानं, ते काय नाक्यावर शिट्ट्या मारायला?" मेहुण्यांचं वेगळंच: "जास्त डोकं चालणाऱ्याचं खात्यात जमत नाही, साहेबाला उलट विचारतो." पात्रता बारावी, पण 2024 च्या भरतीत 17 हजारांवर जागांना 17 लाखांवर अर्ज आले आणि त्यात पदवीधर ढिगानं होते. म्हणजे हे भांडण आमच्याच घरात नसणार. जे खात्यात आहेत, होते, भरतीत कटले, सोडून गेले, त्यांनी आपापलं सांगा. ठाण्याचं आणि साहेबाचं नाव नको.

शिपाई, सहावं वर्ष

बीई, इलेक्ट्रॉनिक्स. आरशातलं घड्याळ, रांगेतला कितवा, विसंगत पद ओळखा, हे प्रश्न मला चहा-बिस्किट. पण ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, आधी असतं. 1600 मीटरला पुरे 20 गुण हवेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांत यावं लागतं. मी पहिल्या खेपेला सहा मिनिटांच्या वर. लेखीला एका जागेमागे दहा जण बोलावतात, त्यात नाव नाही. म्हणजे माझं डोकं कुणी तपासलंच नाही, पायांनीच घरी पाठवलं.

दुसऱ्या खेपेला लागलो. ट्रेनिंग करून हजर झालो त्या दिवशी ठाणे अंमलदारांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का रे?" मी छाती काढून "येतो साहेब." तिथंच फसलो. तेव्हापासून सीसीटीएनएसच्या, म्हणजे गुन्हे नोंदवायच्या कॉम्प्युटरच्या, खुर्चीत. बरोबरची पोरं बीटवर फिरली, खबरे जोडले, दोघं डीबीला, म्हणजे गुन्हे शोध पथकात, गेले. मी फिर्याद टाईप करतोय. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा खुनाच्या 302 चं 103, चोरीच्या 379 चं 303 असा तक्ता करून टेबलाच्या काचेखाली सरकवला. आता रजेवर असलो तरी फोन येतो, "अरे, मोबाईलचोरीला कुठलं कलम?" तक्ता त्याच काचेखाली आहे, पण वाचतो कोण.

निवृत्त सहायक फौजदार, सातारा

आमच्याकडं एक नवीन फौजदार आलं होतं. हुशार माणूस, एमपीएससीतनं आलेलं, मराठी अशी की ऐकत राहावं. एका चोरीचा घटनास्थळ पंचनामा त्यांनी स्वतः लिवला. मी म्हटलं, "साहेब, पंच भाजीवाला हाय, त्याच्या तोंडचं लिवा." तर म्हणाले, "दादा, भाषा शुद्ध पाहिजे."

दोन वर्षांनी केस उभी राहिली. आरोपीच्या वकिलानं पंचाला एकच विचारलं, "पंचनाम्यात नैऋत्य लिहिलंय, नैऋत्य कुठं ते हातानं दाखवा." भाजीवाल्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हात केला थेट न्यायाधीशांकडं. कोर्ट हसलं, आरोपी सुटला. आमच्या वेळचे सातवी शिकलेले हवालदार लिवायचे: पश्चिमेला ओढा, दक्षिणेला अमक्याची विहीर. त्यावर उलटतपासणी कशाची करणार?

त्या साहेबांचं मात्र एक मानलं. चिडले न्हाईत. पुढचा पंचनामा करताना पंचाला म्हणाले, "तुम्ही सांगा, मी लिहितो."

कनेक्टिकटहून (अमेरिका)

मेहुण्यांच्या बोलण्यावरून आठवलं. माझ्याच राज्यात न्यू लंडन नावाचं शहर आहे. रॉबर्ट जॉर्डन या गृहस्थानं 1996 साली तिथल्या पोलिसात जाण्यासाठी वंडरलिक नावाची बुद्धिमत्ता चाचणी दिली. पन्नासपैकी 33 आले. शहर मुलाखतीला बोलवत होतं 20 ते 27 वाल्यांना. कारण असं दिलं की फार हुशार माणूस या कामाला कंटाळतो, महागडं प्रशिक्षण घेऊन सोडून जातो. तो कोर्टात गेला आणि हरला. 2000 साली अपील कोर्टानंही शहराचीच बाजू उचलून धरली. नियम सगळ्या अर्जदारांना सारखाच लावला होता, मग भेदभाव कसला, असा एकूण सूर. हा एका शहराचा किस्सा, इथं सगळीकडे असंच चालतं असं समजू नका. मला स्वतःला हा नियम अडाणीपणाचा वाटतो.

सोडून गेलेला

वरचं वाचून जरा ओशाळलो. विसर्जनाच्या बंदोबस्तात दोरी धरून 26 तास उभा होतो, आणि डोक्यात सारखं एकच, आपण इथं काय करतोय? पाय दुखले त्याचं काही नाही. तीन वर्षांत तलाठी झालो. म्हणजे माझ्यापुरतं त्या शहराचं खरंच ठरलं म्हणायचं. फक्त एक, माझ्या शेजारी दोरी धरून उभा असलेला बारावी पाससुद्धा तेवढाच कंटाळला होता. त्याला दुसरी परीक्षा काढता आली नाही, एवढाच फरक.

महिला शिपाई, एमएस्सी रसायनशास्त्र

मी गोळाफेकीत मार खाल्लेली. चार किलोचा गोळा, पण सुटायचा पायाशीच. असो, ते झालं.

रात्रपाळीची गोष्ट सांगते. एक जोडपं आलं, मंगळसूत्र बसमध्ये चोरीला गेलं म्हणून. बोलत होता नवराच. बाई मात्र "चोरलं" म्हणेचना, दरवेळी "गेलं" म्हणायची आणि म्हणताना त्याच्याकडे बघायची. कुठली बस विचारलं तर परत त्याच्याकडे बघितलं. मी पेन खाली ठेवलं. त्याला म्हटलं, "दादा, आधारची झेरॉक्स लागेल, स्टँडसमोर दुकान उघडं असतं." तो बाहेर पडला. बाईला पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन ती म्हणाली, "मॅडम, ह्यांनीच गहाण टाकलंय. सासूला काय सांगायचं म्हणून आलोय."

माझ्या एमएस्सीचा त्यात काही हात नव्हता. घरी चार नणंदा आहेत, त्यांचा असेल.

धागाकर्ता

भाचा हे सगळं बाजूला बसून वाचतोय. सोडून गेलेल्यांचं वाचून गप्प झाला, पण पळणं चालूच ठेवणार म्हणतो. त्याचा एकच प्रश्न आहे: कॉम्प्युटर येतो का विचारलं तर काय सांगायचं?

शिपाई, सहावं वर्ष

नाही म्हणून चालत नाही, डिग्री फाईलला लागलेली असते. येतो म्हणावं, आणि मराठी टायपिंग दोन बोटांनी करावं.

निवृत्त सहायक फौजदार, सातारा

ते पुढचं पुढं. आधी पोराला डांबरीवरनं पळवू नका, नडगी धरती. मातीचं मैदान बघा.