मदत हवी आहे : कोलेस्टेरॉल ठीक असताना स्टॅटिन कशासाठी?

माहीमकर : माझे मामा अनेक वर्षे एचआयव्हीची औषधे न चुकता घेत आहेत आणि त्यांचा विषाणूभार (रक्तातले विषाणूंचे प्रमाण) दबलेला आहे. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल असूनही डॉक्टरांनी आता हृदयासाठी पिटाव्हास्टॅटिन हे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गटातले औषध, लिहून दिले आहे. मामा गोळी घ्यायला तयार नाहीत. परवा पुन्हा दाखवायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगा.

परळची वाचक : मामांचे वय काय? मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान? एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, बाटलीवर कोणती नावे आहेत?

निवृत्त फार्मासिस्ट : हा सल्ला बहुधा 'रिप्रीव्ह' अभ्यासावर आधारलेला आहे. विषाणू दबला तरी शरीरातला सौम्य दाह पूर्णपणे शमत नाही आणि त्याची झळ रक्तवाहिन्यांना लागते. त्या अभ्यासात एचआयव्ही असलेले ४० ते ७५ वयाचे ७,७६९ जण होते आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ही गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

बोरिवलीकर : परदेशातले आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. माझ्या वडिलांची प्रकृती नॅशनल पार्कात रोज चालण्याने सुधारली. मामांनाही तेच सांगा.

निवृत्त फार्मासिस्ट : अभ्यास झालेल्या १२ देशांत भारतही होता. चालणे हवेच, पण ते गोळीच्या जोडीने.

वकिलीण : मामा नोकरीत असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार केवळ एचआयव्हीमुळे त्यांच्याशी भेदभाव करता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

माहीमकर : नोकरीचा प्रश्न नाही. वय ५८. बाटलीवर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅव्हिर असे लिहिले आहे. मधुमेहासाठी ते मेटफॉर्मिन घेतात. मग गोळी सुरू करावी की नाही?

परळची वाचक : मधुमेह आहे हे कळल्यावर डॉक्टरांचा सल्ला मला अधिकच योग्य वाटतो, कारण चाळिशीनंतरच्या मधुमेहींना एचआयव्ही नसला तरी सहसा स्टॅटिन सुचवतात. बाटलीवरच्या तिन्ही औषधांशी पिटाव्हास्टॅटिनचे वाकडे नाही. मात्र डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढते, म्हणून दिवसाला एकूण १,००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे असतील तर त्यांना एआरटीची माहिती आहे का? मेटफॉर्मिन किती मिलिग्रॅमचे?

माहीमकर : डॉक्टर वेगळेच आहेत आणि मामांनी त्यांना एआरटीबद्दल सांगितलेले नाही. पट्टीचा आकडा असलेला भाग कापला गेला आहे. दुकानदाराकडून बिल पाहून रात्री लिहितो.