ब्लर्डकॉनला आपण गेलं तर चालेल का?

अनुजा_मेरीलँड
लेक पंधरा वर्षांची आहे. तिला मैत्रिणींबरोबर ब्लर्डकॉनला जायचंय म्हणून घरात सारखी भुणभुण. मैत्रिणी दोघीही कृष्णवर्णीय, आणि तिघी मिळून कॉस्प्ले करणार, म्हणजे आवडत्या पात्रांचे वेष घालणार. लेकीला एक्स-मेन कॉमिक्समधली स्टॉर्म व्हायचंय. पांढरा विग आलाय, केप मी शिवणार आहे. पण हा मेळा कृष्णवर्णीय नर्ड, म्हणजे कॉमिक्स-कार्टूनवेड्या मंडळींचा, मग आपण तिथे उपरे नाही का वाटणार? शिवाय स्टॉर्मची आई केनियाची. मेकअप लेकीच्या रंगापेक्षा थोडा गडद घ्यायचा का? नवरा म्हणतो, नको तिथे नाक खुपसू नका. जाऊन आलेल्यांनी सांगा.

खडूस_काका
मला एक कळत नाही, प्रत्येकाची वेगळी चूल कशाला? कॉमिक-कॉन, म्हणजे कॉमिक्सचे मेळे, सगळ्यांसाठी असतातच की.

विगवाली
अनुजा, आधी मेकअपचं. गडद शेड अजिबात नको, अर्धीसुद्धा नाही. अमेरिकेत १८३०च्या दशकापासून गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करायचे आणि लोक तिकीट काढून ते बघायचे. समोरच्याला तेच आठवतं, तुझ्या लेकीचा हेतू कितीही चांगला असो. तिच्याच रंगाचं फाउंडेशन लाव. स्टॉर्म केसांवरून आणि केपवरून लगेच ओळखू येते. पांढऱ्या लेन्स घालणार असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शन घ्या. नंबर नसला तरी इथे कायद्याने ते लागतं.

उपरं वगैरे काही वाटत नाही. वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात २०१७ला हे सुरू झालं तेव्हापासून दार सगळ्यांना उघडं आहे. एलजीबीटीक्यू, अपंग, इतर वर्णांचे लोक, सगळ्यांचं स्वागत असतं. फक्त केंद्रस्थानी कोण आहे ते विसरायचं नाही. फोटो विचारून काढायचे आणि कुणाच्या केसांना हात लावायचा नाही, कितीही सुंदर वेण्या असल्या तरी.

काका, चाका कंबरबॅच नावाची कृष्णवर्णीय कॉस्प्लेअर जपानी कार्टूनमधली सोनेरी केसांची सेलर व्हीनस झाली तेव्हा तिच्या फोटोंवर रंगावरून, नाकावरून नको नको ते लिहिलं गेलं. २०१५च्या फेब्रुवारीत तिने कृष्णवर्णीय कॉस्प्लेअरांचे फोटो महिनाभर, रोज टाकायची मोहीम काढली. फेब्रुवारी हा इथला ब्लॅक हिस्ट्री मंथ. आणि वेगळी चूल म्हणाल तर तीही आजची नाही. फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय कॉमिक्सवाल्यांचं संमेलन २००२ पासून भरतं.

मी तिथे पाहिलेलं एक सांगते. एक कृष्णवर्णीय मुलगा जपानी कार्टूनमधला नारुतो झाला होता, लांब लॉक्सवर (जटांसारख्या बटांवर) कपाळपट्टी बांधलेली. ती सारखी मागे घसरायची, म्हणून त्याची मावशी कॉलरला टोचून ठेवलेली सुई काढून पट्टीला आतून इलॅस्टिक टाचत होती. तेवढ्यात दोन पोरं येऊन त्याच्याशी हुज्जत घालायला लागली. जॅकेट काळं-नारिंगी, म्हणजे शिप्पुदेनचं, नारुतोच्या पुढच्या मालिकेचं, मग पट्टी निळी कशी? निळी तर आधीच्या मालिकेतली! तो म्हणाला, काळं कापड संपलं. त्याच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, भांडण सगळं पट्टीवरून. नर्ड लोकांनी असंच भांडावं, नाही का?

खडूस_काका
कपाळपट्टीचं पटलं. निळी चूकच होती.

शिवणटिपण
केपबद्दल. स्टॉर्मची १९७५ची मूळ केप मनगटांना जोडलेली असते. तिथे शिवून टाकू नकोस, टिचबटणं लाव. नाहीतर पोरीला बाथरूमला जाताना आणि जेवताना सगळा पसारा उतरवावा लागेल. सॅटिन चमकतं पण फार उसवतं, कडेला ओव्हरलॉक हवंच. आणि हातात काही नकली शस्त्र असेल तर आधी नियम वाच, बहुतेक ठिकाणी आत सोडण्याआधी तपासतात.

अनुजा_मेरीलँड
सगळ्यांचे आभार. मेकअपचं लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते मला माहीत होतं, तूच विचारत होतीस." लेन्स रद्द. पण आता नवंच. मैत्रिणींनी तिला १९८३ची स्टॉर्म दाखवली, मोहॉक (डोक्याच्या मधोमध उभ्या केसांचा पट्टा, बाजू भादरलेल्या) आणि काळं लेदर. तीच हवी म्हणते. केपचं कापड कापून झालंय हो! विगवाली, असलेला विग कापून मोहॉक होतो का?

विगवाली
नाही होत, बाजूंची जाळी दिसते. मोहॉकचा तयार विग घे आणि बाजूंना तिचेच केस घट्ट, चपटे वेणून घाल. केपचं कापड जपून ठेव, पुढच्या वर्षी तिला परत केपच लागणार.