रास्पबेरी पाय ३: कॅश चालू केली आणि तीन कोअर उठेनात

उद्यमबागकर:
मंडळी, पाय ३ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर लिनक्सशिवाय, नुसता माझा कोड चालवतोय. दिवसभर उद्यमबागेत सीएनसीची पॅनेलं दुरुस्त करायची, त्यामुळे हा उद्योग जेवणानंतरचा. त्याच्या कॉर्टेक्स ए५३ प्रोसेसरचे चार कोअर, म्हणजे एकाच चिपमधले चार मेंदू. शून्य नंबरचा मेमरीतल्या हेक्स ८०००० या पत्त्यावरून सुरू होतो, बाकीच्या तिघांना फर्मवेअर डब्ल्यूएफईमध्ये (इशारा येईपर्यंत थांबायची सूचना) झोपवून ठेवतं. हेक्स ई०, ई८ आणि एफ० वर आपल्या फंक्शनचा पत्ता लिहायचा, एसईव्ही (जागं करायचा इशारा) द्यायची, की उठले. रविवारी उठलेही! प्रत्येकाला एकेक एलईडी दिला होता, तिन्ही लागले, बायकोला बोलावून दाखवले. मग कोअर शून्यवर एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) आणि कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) चालू केली. तेव्हापासून तिघंही ढिम्म. उठवायच्या कोडला हात लावलेला नाही. वाचून बघतो तर पत्ता जागेवर आहे. काय करुलालेत कळेना.

खानापूर रोड:
वाचून बघितलं कुणी? कोअर शून्यनंच ना? तो आपल्या कॅशमधलं वाचतोय हो. झोपलेल्यांची कॅश बंद, ते थेट रॅममध्ये बघतात आणि तिथं अजून शून्यच आहे. तुम्ही उधारी मनात ठेवलीय, वहीत चढवलीच नाही. पत्ता लिहिलात की ती ओळ डीसी सिव्हॅक या सूचनेनं मेमरीत उतरवा, मग डीएसबी (आधीचं लिहून पुरं होईस्तोवर थांबवणारी सूचना), मग एसईव्ही. एसईव्ही आधी गेली तर ते जागे होतील, शून्य बघतील, परत झोपतील.

निपाणीची:
बरोबर. एक विचारते, तिघांना स्टॅक (फंक्शनची तात्पुरती मेमरी) वेगळा दिलाय का? एलईडीच्या फंक्शनला स्टॅक लागला नसेल, म्हणून निभावलं. एमपीआयडीआर या रजिस्टरचे खालचे दोन बिट म्हणजे कोअरचा नंबर, त्यावरून प्रत्येकाची जागा ठरवा. आणि बीएसएस (सुरुवातीला शून्य असायच्या व्हेरिएबलांची जागा) पुसायचं काम एकट्या कोअर शून्यचं. उशिरा उठलेल्यानं परत पुसलं तर चालू हिशेबच जाईल.

उद्यमबागकर:
डीसी सिव्हॅक घातलं, उठले! स्टॅक एकच होता, कबूल. तोही वेगळा केला. आता सिरियल पोर्टवर तिघांचा 'नमस्कार' एकमेकांत घुसून 'ननमनमस्स' असला येतोय. एका वेळी एकानंच लिहावं म्हणून एलडीएक्सआर-एसटीएक्सआर या सूचनांचं लॉक लावलं तर पहिल्याच कोअरला सगळं अडकतं.

खानापूर रोड:
त्या तिघांवर एमएमयू कुठं चालू केलाय? या चिपवर ते लॉक एमएमयू आणि कॅश चालू असल्याशिवाय धड चालत नाही. आधी प्रत्येकाला कोअर शून्यचेच पेज टेबल (एमएमयूचे पत्त्यांचे तक्ते) द्या, लॉक नंतर.

उद्यमबागकर:
दिले. तीन ओळी, तीन नमस्कार, पण दोन नंबरवाला दर वेळी पहिला येतोय. येऊ दे.