मदत हवी आहे : ट्रॅक्टरचा सेल्फ चावी सोडली तरी सुटत नाही

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात अडावदकडे आमची शेती आहे, केळी आहे. ट्रॅक्टर जुना, ३ सिलिंडर डिझेल, १२ व्होल्टची बॅटरी. प्रॉब्लेम असा की चावी फिरवली, इंजिन चालू झालं, चावी सोडली तरी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) सुटतच नाही, इंजिनच्या आवाजात तो कर्रर्र आवाज चालूच राहतो. चावी काढून हातात घेतली, नॉब ओढून इंजिन बंद केलं, तरी सेल्फ इंजिनाला फिरवतच होता.

पहिल्यांदा झालं तेव्हा कटाई चालू होती, ट्रॉलीजवळ घड उचलणारी माणसं उभी, मला काही सुचेना. शेजारचे आबा "काय व्हयनं रे भाऊ" म्हणत पळत आले आणि त्यांनी सेल्फवरच्या सोलेनॉइडला (चावी फिरवली की सेल्फला करंट जोडणारा भाग) लाकडी दांड्याने टोला मारला तेव्हा सुटला. न्यूट्रलला होता म्हणून निभावलं, गेअरमध्ये असता तर इंजिन बंद असूनही ट्रॅक्टर नुसत्या सेल्फवर पुढे गेला असता, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तालुक्याच्या गावी एका गॅरेजवाल्याने सोलेनॉइड बदललं. महिनाभर ठीक चाललं आणि परवा परत तेच. या वेळी टोला मारूनही सुटेना, पान्याने बॅटरीचा मायनस काढला तेव्हा थांबला, ठिणगी चांगलीच उडाली. आता तो म्हणतो पूर्ण सेल्फ टाका, दुसरा म्हणतो चावीचा स्विच आतून चिकटतोय. पैसे घालायला हरकत नाही पण सोलेनॉइड एका महिन्यात का गेलं ते कोणी सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय नवीन काही बसवायची हिंमत होत नाही. एक गोष्ट लिहायची राहिली, हल्ली सेल्फ थोडा जड फिरतो, कधी कधी नुसतं टकटकटक वाजतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घेतो. बॅटरी तशी नवीनच आहे, उभ्या गाडीत १२.६ दाखवते. स्विच का सेल्फ, कसं ओळखायचं?

प्रतिसाद :
दादा, मी धुळ्याला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. तुमचं ते टकटकटक वाजणंच महत्त्वाचं आहे. करंट कमी पोचला की सोलेनॉइड पूर्ण ओढत नाही, आतली तांब्याची चकती सारखी लागते-सुटते, दर वेळी ठिणगी पडते आणि एक दिवस ती तिथेच वेल्डिंग झाल्यासारखी चिकटते. मग चावी काढा नाहीतर स्विच बदला, काही फरक पडत नाही.

खात्री करायची तर सोलेनॉइडवर चावीकडून येणारी जी बारीक वायर आहे (५० नंबर) तिच्यात सीटजवळ हाताने काढता येईल असा जोड टाका आणि जोडाच्या चावीकडच्या बाजूला एक १२ व्होल्टचा छोटा बल्ब सीटवरून दिसेल असा लावा, दुसरं टोक अर्थला (ट्रॅक्टरच्या बॉडीला). सेल्फ अडकला की आधी जोड काढा, नाहीतर चिकटलेल्या सोलेनॉइडमधून उलटा करंट येऊनही बल्ब पेटलेला राहू शकतो. जोड काढल्यावर सेल्फ सुटला आणि बल्ब पेटलेलाच राहिला तर दोष स्विच, रिले किंवा वायरिंगमध्ये. बल्ब विझला तरी सेल्फ फिरतोय तर सोलेनॉइड चिकटलंय, नाहीतर पिनियन (सेल्फच्या पुढचं छोटं दातेरी चाक) रिंगमध्ये (इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत) अडकलंय.

त्याआधी अर्थिंग बघा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे लगवर (केबलच्या टोकाच्या क्लॅम्पवर) नाही, खुद्द खांबावर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरून सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. प्लसच्या केबलचंही असंच बघा. आणि गाडी न्यूट्रलला ठेवूनच, टायरला दगड लावून.

धागाकर्ता :
भाऊ, खूप उपकार झाले. मीटर लावला तर मायनसच्या बाजूला १.६ व्होल्ट! अर्थची पट्टी काढली, गेअरबॉक्सला जिथे बोल्ट आहे तिथे रंग, ग्रीस आणि मातीचा थर, पट्टीच्या अर्ध्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. फवारणीचं पाणी तिथेच गळतं, तेही आता बघतो. नवीन पट्टी टाकली, जागा घासून पांढरी केली, आता ०.२ येतंय आणि सेल्फ एकदम चपळ फिरतो. सोलेनॉइड खोललं तर चकतीवर खड्डे आणि एका बाजूला वितळल्याची खूण, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. गॅरेजवाल्याने पार्ट बदलला पण अर्थिंगला हातच लावला नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरं सोलेनॉइड आणलंय, बल्बही लावतोय, आणि सीटजवळ बॅटरीचा कटऑफ स्विच टाकणार आहे म्हणजे परत पान्याशी झटायला नको. आता एकच विचारायचंय. परवा सेल्फ चालू इंजिनासोबत मिनिटभर तरी फिरला, तर बेंडिक्सचा क्लच (पिनियनला एकाच बाजूला मोकळं फिरू देणारा भाग) गेला असेल का? हाताने पिनियन एका बाजूला मोकळं फिरतं, दुसऱ्या बाजूला धरतं, पण मोकळ्या बाजूला थोडी खरखर लागते. रिंगचे दात तीन ठिकाणी जास्त झिजलेत, बाकी ठीक. हे बेंडिक्स असंच बसवू का आत्ताच बदलू? बुधवारी परत कटाई आहे.