नाईट शिफ्टचा व्हॅम्पायर: रक्त, सुळे आणि रात्रीच्या शूटबद्दल मदत हवी

उद्यमनगर_रीळ
कोल्हापुरात २० मिनिटांची व्हॅम्पायरवरची शॉर्टफिल्म करतोय. व्हॅम्पायर आजचा आहे, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत (लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात) कायम रात्रपाळी मागून घेणारा कामगार. काळा झगा, पडका वाडा यातलं काही नाही. तीन ठिकाणी अडलोय. तयार मिळणारं नकली रक्त कॅमेऱ्यात सरबतासारखं गुलाबी दिसतं. प्लास्टिकचे सुळे घातले की नटाचे शब्द कळत नाहीत. आणि सगळं रात्रीच शूट करणं बजेटमध्ये बसत नाही. जाणकारांनी नेमकं सांगा.

रंगपेटी
नुसता लाल रंग पांढऱ्या शर्टावर पसरला की गुलाबी होणारच. रक्ताला तपकिरी झाक लागते.

केकच्या सामानाच्या दुकानातून १ किलो लिक्विड ग्लुकोज घ्या. २०० मिली कोमट पाण्यात खाण्याच्या लाल रंगाची पूड २ चहाचे चमचे आधी पूर्ण विरघळवा. थेट ग्लुकोजमध्ये टाकली तर गुठळ्या राहतात. त्याच पाण्यात २ चमचे कोको कालवून फडक्यातून गाळा आणि ग्लुकोजमध्ये मिसळा. शेवटी निळा रंग, काडीच्या टोकावर मावेल तेवढाच. जास्त झाला की जांभळं दिसतं. वाळलेल्या रक्तासाठी कोको दुप्पट.

कपड्यांवर पडणाऱ्या रक्तात भांडी घासायचं लिक्विड २ चमचे घाला, डाग सुटायला सोपं जातं. ते तोंडात जाता कामा नये, म्हणून बाटल्या वेगळ्या ठेवा आणि वर ठळक लिहा. तरी एकसारखे तीन शर्ट लागतीलच. अंगावर रक्त लावण्याआधी खोबरेल तेलाचा हात फिरवा, नाहीतर खाण्याचा रंग दोन दिवस कातडीवर राहतो. आणि हे सगळं गोड आहे, उघडं ठेवलं की मुंग्या आल्याच.

टेस्ट मात्र शूटच्याच दिव्याखाली करा. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली लाल रंग काळपट दिसतो. तिथं कोको निम्मा करा.

दातकाम
खेळण्यातले सुळे सगळ्या वरच्या दातांवर बसतात, म्हणून जीभ अडते. फक्त दोन सुळ्यांच्या टोप्या करून घ्या. दंतवैद्याकडून अल्जिनेटमध्ये (दातांचा ठसा घ्यायची मऊ लगदी) वरच्या दातांचं माप घ्यायचं आणि १०-१५ मिनिटांत त्यात डेंटल स्टोन (दातांच्या साच्याचं कडक प्लास्टर) ओतायचा. उशीर झाला की अल्जिनेट आकसतं आणि टोपी बसत नाही. त्या साच्यावर दाताच्या रंगाच्या ॲक्रिलिकच्या टोप्या बनतात. ॲक्रिलिक थेट दातावर घट्ट होऊ द्यायचा उद्योग कुणीही करू नका. घट्ट होताना ते तापतं, हिरडी भाजते आणि खाचेत अडकलं तर निघत नाही.

लांबी मूळ दातापेक्षा ३-४ मिमीच वाढवा. त्याहून जास्त झाली की खालच्या ओठाला लागते आणि 'स', 'श', 'फ' बिघडतात. संवादाच्या शॉटला सुळे काढूनच ठेवा, ओठ उघडतील तिथंच घाला. रंगीत लेन्स वापरणार असाल तर नेत्रतज्ज्ञाकडून मापाच्या घ्या. फौंड्रीच्या धुळीत आणि धगीजवळ अजिबात नकोत.

करवीर_कॅमेरा
भावा, आधी तुझ्या व्हॅम्पायरचे नियम ठरव. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो. उन्हानं मरणं पडद्यावर आलं ते १९२२ च्या 'नोस्फेरातू'मधून. ऊन फक्त त्याला अशक्त करतं असं धरलंस तर निम्मं शूट दिवसा होईल, आणि माझ्या मते पात्रही जास्त खरं वाटेल.

शेडच्या आतली रात्र दिवसाच करायची. खिडक्या, पत्र्यातल्या फटी काळ्या कापडानं बुजव. बाहेरच्या मोजक्या शॉटसाठी सूर्य मावळल्यानंतरची २०-२५ मिनिटं धर: आकाश निळं असतं आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) ३२०० केल्विन. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, नाहीतर दिवे लुकलुकतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओतकाम चालू असताना नटाला जवळ नेऊ नकोस. ओतताना लोखंड साधारण १४०० अंशांवर असतं. त्याच्याखाली पाण्याचा किंवा या रक्ताचा थेंब अडकला तर क्षणात वाफ होऊन धातू उडतो. ओतकामाचे शॉट लांबून, झूमवर, कामगार त्यांचं काम करत असताना घे. नटाच्या तोंडावरचा तांबडा उजेड नारंगी जिलेटिन (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावलेल्या एलईडीनं कर, डिमर हातानं हलवत राहा.

उद्यमनगर_रीळ
लई उपयोगी. मानेला चावल्यावर रक्त वाहताना एकाच शॉटमध्ये दाखवायचंय. ते कसं?

रंगपेटी
सलाइनच्या सेटची नळी मानेच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूनं मेडिकल टेपनं चिकटवा, नळीचं तोंड चावणाऱ्या नटाच्या ओठांमागं येईल असं. दुसऱ्या टोकाला ५० मिलीची सिरिंज, सुई नको. वरचं मिश्रण या नळीतून जाणार नाही, त्यात चौथा हिस्सा पाणी आणि थोडा जास्त रंग घाला. शॉटआधी नळी टोकापर्यंत भरून घ्या; मध्ये हवा राहिली तर रक्त थुंकल्यासारखं फुटकन उडतं. थंडीत ग्लुकोज घट्ट होतं, म्हणून बाटली गरम पाण्याच्या बादलीत ठेवा. हे रक्त नटाच्या तोंडाला लागणार, तेव्हा साबण नसलेलंच भरा.