‘अहंकार सोड’ म्हणजे नेमकं काय सोडायचं?

गोदाकाठ: गेल्या रविवारी गंगापूर रोडला एका सत्संगाला गेलो होतो. एका मुलीने विचारलं, “ऑफिसात माझं काम दुसऱ्याच्या नावावर खपवतात, बोलू का?” उत्तर आलं, “अहंकार सोड.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. मला हे अजिबात पटलं नाही.

आपण अहंकार म्हणजे गर्व, ताठा असं धरून चालतो. सांख्य दर्शनात ते एक तत्त्व आहे: प्रकृतीतून, म्हणजे सृष्टीच्या मूळ द्रव्यातून, बुद्धी, बुद्धीतून अहंकार, त्यातून पुढे मन, इंद्रियं आणि तन्मात्रा, म्हणजे शब्द-स्पर्शासारखे सूक्ष्म विषय. घडेल त्यावर ‘मी, माझं’ असा शिक्का मारणं हे त्याचं काम. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही तेच आहे. कर्मं प्रकृतीच्या गुणांकडून होतात, अहंकाराने भुललेला स्वतःला कर्ता समजतो. ज्ञान म्हणजे हे कर्तेपण गळणं. त्यात मेहनतीवरचा हक्क सोडायचा कुठे आला? शब्द किती सरकतात बघा, ‘अस्मिता’ हा पतंजलींच्या योगसूत्रातल्या पाच क्लेशांपैकी, म्हणजे दुःखाच्या मुळांपैकी, एक, आणि आपण ती झेंड्यावर मिरवतो!

पंचवटीकर: दादा, तत्त्वं तोंडपाठ असलेली माणसं ताठ राहिलेली मी घरातच पाहिलीत. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीतून त्र्यंबकला गेलो होतो. वाटेत सत्तरीचे एक आजोबा माझ्या पाया पडले. मी तेव्हा विशीतला. वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडतात हे ठाऊक होतं, तरी त्यांच्या कपाळाचा बुक्का माझ्या धुळीच्या पावलाला लागला आणि मला रडू फुटलं. कर्तेपण हाताला लागत नाही हो, गर्व लागतो. सुरुवात तिथूनच करावी लागते.

सिडकोची ताई: आजोबा पाया पडले, तुम्हीही पडला असाल. त्या सत्संगात त्या मुलीपुढे कोण वाकलं? सोडायला नेहमी खाली बसलेल्यालाच सांगतात.

त्रिरश्मी: पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली आहेत, त्याच्या पायथ्याशी राहतो, म्हणून बौद्ध बाजू मांडतो. अहंकार गेला की मागे आत्मा उरतो, असं तुम्ही गृहीत धरता. बुद्धांनी रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाचही स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते घटक, तपासायला लावले. एकालाही ‘हा मी’ म्हणता येत नाही. मग सोडायला मालक आहे कुठे? फक्त पकड आहे, ती सैल करायची.

गोदाकाठ: @त्रिरश्मी, इथे आपलं जमणार नाही. ही पकड सैल झाली हे ज्याला कळतं, त्या साक्षीला मी नाकारू शकत नाही. ताईंचं मात्र शंभर टक्के खरं.

पंचवटीकर: ताई, तिने बोलावंच, आणि साहेबाच्या तोंडावर बोलावं. मी कुठे नाही म्हणतो? घरी आल्यावर रात्री दोनपर्यंत ‘मला असं केलं, मला’ हे उगाळणं चालू राहतं ना, मी अहंकार म्हणतो तो त्याला. माझा अजून सुटलेला नाही.