प्रोलॅक्टिन वाढलंय? आधी टीएसएच बघा
पाळी लांबतेय आणि रक्तात प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारं हार्मोन) थोडं जास्त आलं, की थेट मेंदूच्या एमआरआयचा सल्ला दिला जातो. जरा घाई होतेय. आधी गर्भधारणा नाही ना, हे तपासा, मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड मंदावलं की मेंदूतलं टीआरएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) वाढतं, ते प्रोलॅक्टिनही वाढवतं. वाढलेल्या प्रोलॅक्टिनमुळे एलएच-एफएसएच (बीजकोशाला चालना देणारी हार्मोन्स) दबतात आणि बीज सुटत नाही, म्हणून पाळी लांबते. डोम्पेरिडोनसारख्या उलटीवरच्या गोळ्यांनीही आकडा चढतो, आणि हे सांगायचं हमखास राहून जातं. तपासणीसाठी पुन्हा रक्त देताना झोपेतून उठून तासभर तरी झालेला असावा, आधी व्यायाम नको. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू झालंच तर उपाशीपोटी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा. मात्र डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल तर एमआरआय लांबवू नका.